गोव्याच्या परसात वसंतातले कंद : ट्युलिप हट्टाने, भुईचाफा हक्काने

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीकडच्या एका ताईंचा भाचा इंग्लंडला असतो, गेल्या वर्षी येताना त्याने ट्युलिप, क्रोकस, हायसिंथ आणि स्नोड्रॉप असं सगळं मिळून कंदांचं एक पाकीट आणलं, पाकिटावर लिहिलेलं की नोव्हेंबरपर्यंत लावा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं बघा. ताईंनी अगदी तसंच केलं, अंगणात वाफा केला, शेणखत घातलं, रोज पाणी घातलं, आणि शिगमा आला तरी ट्युलिपची दोन-दोन बोटं पानं सोडली तर काहीच नाही. क्रोकसने तर तोंडच दाखवलं नाही. शेवटी उकरून बघितलं तर कंद मऊ पडलेले आणि घाण वास. आता त्या विचारतायत की बिघडलं कुठे, फ्रिजमध्ये ठेवून लावतात म्हणतात ते खरं का, हे जमणारच नसेल तर मार्चमध्ये फुलणारं दुसरं काय लावू, आणि भाचा ऑक्टोबरात परत येतोय तर त्याला काय आणायला सांगू.

ताई, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही, पाकिटावरचा नोव्हेंबर हा तिकडचा नोव्हेंबर आहे एवढंच. तिकडे कंद मातीत गेला की त्याच्या डोक्यावर तीन-चार महिने थंडी असते, आपल्याकडे पणजीला जानेवारीतसुद्धा रात्रीचं १९-२० आणि दुपारी ३२ च्या वर, आत सत्तरीकडे एखाद्या रात्री १५-१६ झालं तर लोक शेकोटी पेटवतात. ट्युलिपला ९ अंशांच्या खाली सलग १२ ते १६ आठवडे हवे असतात. चोर्ला घाटात नेऊन लावलात तरी ते मिळणार नाही, तेव्हा जागा बदलून, माती बदलून, खत बदलून हा प्रश्न सुटत नाही.

हे थंडीचं प्रकरण नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. ट्युलिपचं फूल वसंतात तयार होत नाही, ते आधीच्या उन्हाळ्यात, पानं वाळल्यावर, कंदाच्या पोटात धरतं. ऑक्टोबरात आलेला एक ताजा कंद धारदार पात्याने देठापासून बुडापर्यंत उभा कापून बघा, एक कंद वाया गेला तरी चालेल. पांढरे जाड थर असतात आणि बरोबर मध्ये, बुडाच्या चकतीवर टेकलेला फिकट पिवळट कोंब दिसतो, नखाएवढा. तो पानांच्या गुंडाळीतून अलगद सोडवला तर आत बारीक पाकळ्या आणि पुंकेसरसुद्धा वेगळे दिसतात, भिंग असेल तर अजून मजा येते. म्हणजे फूल आहे, फक्त त्याचा दांडा लांबायचा बाकी आहे. थंडीत आतल्या पिठाची साखर होते, वाढीची संप्रेरकं तयार होतात आणि मग ऊब लागली की दांडा सरसर वर येतो. थंडी मिळालीच नाही तर पानं कशीबशी येतात आणि कळी तिथेच खाली, मातीच्या पातळीला, सुकून तपकिरी होते. तुमच्या त्या दोन बोटं पानांच्या बुडाशी बोट घालून बघितलं असतं तर कागदासारखी सुकलेली कळी हाताला लागली असती.

मूळचा ट्युलिप मध्य आशियातल्या डोंगरांचा, तिएन शान वगैरे भाग, हिवाळा कडाक्याचा आणि उन्हाळा खडखडीत कोरडा. तिथून तुर्कस्तानमार्गे तो हॉलंडला गेला. आपल्या देशात श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी जी मोठी ट्युलिप बाग २००७ साली सुरू झाली ती मार्चअखेर ते एप्रिल अशी फुलते, कारण तिथे हिवाळा खराखुरा असतो. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्युलिप दिसतात त्यांचे फोटो बघून आपल्याकडे खूप लोक पेटतात, पण ते कंद आधी थंडी देऊन तयार करून आणलेले असतात, डिसेंबरच्या सुमाराला लावायचे आणि एकदा फुलले की संपलं, पुढच्या वर्षी नवीन. आणि दिल्लीच्या जानेवारीच्या रात्री सहा-सात अंशांवर उतरतात, आपल्या नाही.

आता फ्रिज. होय, खरं आहे, फ्रिजमध्ये थंडी देऊन गोव्यात ट्युलिप फुलवता येतो, मी लोकांना करून देतो. पण तो एका कुंडीचा, एका हंगामाचा खेळ आहे, बाग नाही, हे आधी मनाशी पक्कं करा, मग पैसे घाला. कंद ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हातात आले पाहिजेत. आल्या आल्या दाबून बघायचे, कडक हवेत, निळी-हिरवी बुरशी किंवा आंबूस वास असला तर तो कंद बाजूला काढायचा, सडका कंद स्वतः इथिलीन सोडतो आणि शेजारच्या कंदातली कळीही मारतो. हाच गॅस पिकत्या फळांतून येतो. म्हणून भाजीच्या कप्प्यात सफरचंद, चिकू, केळी, पेरू यातलं काहीही असेल तर तिथे कंद ठेवायचे नाहीत, वरून कंद अगदी टणटणीत दिसेल पण आतली कळी मेलेली असेल आणि तुम्हाला ते जानेवारीत कळेल. जाळीच्या पिशवीत किंवा भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये ठेवा, कारण हल्लीचे फ्रॉस्ट फ्री फ्रिज हवा फार कोरडी करतात. तापमान ४ ते ७. फ्रीजरला चिकटवून नाही, गोठला की चिखल होतो.

एक सूचना इथेच देऊन टाकतो. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'खायचे नाहीत' असं लिहा. हायसिंथ आणि डॅफोडिलचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, सकाळी घाईत कोणीतरी फोडणीला घेतला तर उलट्यांनी माणूस आडवा होतो. डॅफोडिलमध्ये लायकोरिन नावाचं विष असतं. हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला, खाज सुटते.

गोव्यात एक सोय मात्र आहे जी बाकीच्यांना नाही. बार किंवा छोटं दुकान चालवणारा नातेवाईक प्रत्येकाला असतोच. काचेच्या दाराचा बिअरचा फ्रिज कंदांसाठी घरच्या फ्रिजपेक्षा चांगला, थंडी एकसारखी, आत फळं नाहीत, फक्त पिशवी काळ्या कपड्यात गुंडाळून सगळ्यात खाली मागे ठेवायची आणि त्याला सांगून ठेवायचं की ह्याला हात लावू नको.

नुसते कोरडे कंद तीन महिने थंड करून जानेवारीत मातीत लावले तर फुलं येतात पण बुटकी येतात, कारण आपली माती गरम, त्यात मुळं धरायच्या आधीच दांडा वर यायला बघतो. त्यापेक्षा सहा-सात आठवडे पिशवीतच फ्रिजमध्ये ठेवा, मग नोव्हेंबरअखेर सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत पाच-सहा कंद एकमेकांना न चिकटवता लावा, माती ओलसर करा आणि ती अख्खी कुंडी परत फ्रिजमध्ये, अजून सहा-सात आठवडे. आतमध्ये मुळं धरतात, कुंडीच्या खालच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली आणि वर दोन इंच कोंब आला की बाहेर काढायची. हे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हवं असा हिशोब मागे मोजून करा, कारण तेवढेच पंधरा-वीस दिवस आपल्याकडे बरे असतात. बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, पूर्वेच्या बाजूला, सकाळचं कोवळं ऊन, नंतर पूर्ण सावली. तीनेक आठवड्यांत फूल येतं. थंड देशात एक फूल दोन आठवडे टिकतं, आपल्याकडे चार-पाच दिवस धरा, दुपारी एसीच्या खोलीत ठेवलंत तर अजून दोन-तीन. मातीवर बर्फाचे खडे ठेवायचा सल्ला बऱ्याच व्हिडिओत असतो, त्याने माती घटकाभर गार होते, राहिलेली थंडी भरून निघत नाही. ज्यांना मजा वाटते त्यांनी ठेवावेत.

फुलल्यानंतर तो कंद कंपोस्टमध्ये. जीव तुटतो, माहितीय मला, पण ट्युलिपचा जुना कंद दर वर्षी संपतो आणि त्याच्या पोटातून नवीन तयार होतो, त्यासाठी फुलानंतर बरेच आठवडे गार हवेत हिरवी पानं लागतात. आपल्याकडे फेब्रुवारीच्या उन्हात पानं लगेच पिवळी पडतात आणि खाली हाती लागतात ते वाटाण्याएवढे कंद, जे फुलायला काही वर्षं लागतील आणि तेवढी वर्षं ते गोव्यात जगणार नाहीत.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. हायसिंथ सगळ्यात सोपा, १०-१२ आठवड्यांच्या थंडीत भागतं, आणि बाजारात आधीच थंडी दिलेले कंदसुद्धा मिळतात. काचेच्या निमुळत्या भांड्यात पाणी बुडाला जेमतेम टेकेल असं ठेवून तो कंद मुळं येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवला की लहान मुलं रोज दार उघडून बघतात, वासही घरभर येतो. पहिल्यांदा करणार असाल तर ट्युलिप सोडा आणि हाच घ्या. क्रोकसला कुंडीत फ्रिज चालतो पण त्याचं फूल उबेत उघडतं आणि गारव्यात मिटतं, आपल्याकडे नुसतीच ऊब, त्यामुळे एकदा उघडलं की दोन दिवसांत मान टाकतं, एवढ्या खटपटीला ते फार थोडं आहे. स्नोड्रॉपचा नाद सोडा. त्याचा कंद कोरडा ठेवला की लगेच मरगळतो, इंग्लंडातले जाणकारसुद्धा तो फुलून गेल्यावर पानांसकट हिरवाच उपटून लावतात, मग पाकिटातून इथवर आलेल्याचं काय होणार. डॅफोडिलमधले मोठे पिवळे थंडीवाले आहेत, पण त्यांच्यातलाच पेपरव्हाइट म्हणून जो पांढऱ्या झुपक्याचा नार्सिसस असतो, नर्गिसच्या जातकुळीतला, तो भूमध्य समुद्राकाठचा, त्याला थंडी लागतच नाही. नोव्हेंबरच्या शेवटी उथळ भांड्यात खडे आणि पाणी घालून ठेवला की चार-सहा आठवड्यांत फुलतो. वास उग्र आहे, काहींना सहन होत नाही, माझ्या घरात तो बाहेरच असतो.

हे झालं हट्टाचं. आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते.

कंद म्हणजे वाईट दिवस जमिनीखाली काढायची सोय. जिथे वाईट दिवस थंडीचे, तिथला कंद थंडीत झोपतो आणि थंडी ओसरली की उठतो. आपल्याकडे वाईट दिवस पावसाने पाठ फिरवल्यावर येतात, नोव्हेंबर ते मे, जांभा तापून विस्तव होतो, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एक हिरवं पान दिसत नाही. आपले कंद ह्या कोरड्यात झोपतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला किंवा पहिल्या सरींना उठतात. गोव्यात बहुतेक बागा इथेच मार खातात, कारण आपण प्रेमाने बारा महिने पाइप धरतो. कंदाला झोपूच देत नाही. पानं हिरवीगार, फूल नाही, आणि मग खताला दोष.

क्रोकस हवाय ना तुम्हाला, उघड्या जमिनीतून पानांच्या आधी फूल? तो आपल्याकडे आहे, भुईचाफा. हळदीच्या कुळातला, कंद म्हणण्यापेक्षा गड्डा आणि त्याला लोंबणाऱ्या छोट्या गाठी. कार्तिकाच्या सुमाराला पानं पिवळी पडून नाहीशी होतात, वाफा रिकामा दिसतो, घरातलं कोणीतरी तिथे दुसरं काही लावायला जातं म्हणून काठी रोवून ठेवा. मग मार्चमध्ये एक दिवस सकाळी झाडायला जावं तर नागड्या मातीतून, देठ दिसतच नाही, थेट जमिनीतून फूल बाहेर. वर दोन पांढऱ्या उभ्या पाकळ्या आणि खाली मधोमध चिरलेली जांभळी जीभ, वास गोड आणि थंड. एक फूल साधारण दिवसभर, दुपारपर्यंत कडा मऊ होतात, पण एकाच गड्ड्यातून एकामागून एक येत राहतात, बरेच दिवस सडा पडल्यासारखा वाफा दिसतो. फुलं संपत आली की पानं, वरून चंदेरी-हिरवी नक्षी आणि पाठीमागून जांभळी, पावसाळाभर तीच शोभा. कुळागरात पोफळींच्या खाली अर्धवट सावलीत उत्तम. लावायचा झोपेत असताना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, दोन इंच खोल, आणि डिसेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत पाणी बंद म्हणजे बंद. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झाडंवाल्या बायकांकडे विचारा, नाहीतर कोणाच्यातरी आजीच्या परसात नक्की आहे, गड्डा मागून आणायचा, विकत घ्यायची वेळ यायला नको.

दुसरी लाल लिली. जुन्या घरांच्या पायऱ्यांच्या कडेला केशरी-लाल कर्ण्यासारखी फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतात तीच, दुकानात तिच्या मोठ्या डच बहिणी अमरिलिस नावाने मिळतात, शास्त्रीय नाव हिपिअस्ट्रम, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिचं गणित छान आहे, साधारण दर चार पानांमागे कंदात एक फुलाचा दांडा धरतो. म्हणजे पावसाळ्यात जितकी जास्त आणि निरोगी पानं तितके पुढचे दांडे, तेव्हा जून ते ऑक्टोबर हा तिचा जेवायचा काळ, महिन्यातून एकदा मूठभर जुनं शेणखत आणि थोडी राख द्या. नोव्हेंबरपासून पाणी हळूहळू तोडायचं, डिसेंबर-जानेवारी पूर्ण कोरडं, कुंडी असेल तर आडवी करून वळचणीखाली ठेवा. पानं पूर्ण वाळली नाहीत तरी बिघडत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकदा भरपूर पाणी द्या, वरची इंचभर माती बदला, आणि दांड्याचं टोक दिसेपर्यंत परत जपूनच. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा किंवा अगदी अर्धा मातीच्या बाहेर राहिला पाहिजे, खोल पुरला की मानेत पाणी साचून कुजतो. कुंडी कंदापेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी. मोठ्या कुंडीत ही बाई आळशी होते.

डच जातीचे कंद घेताना घेर बघा, २६-२८ सेंटिमीटरच्या वरचे घेतले तर पहिल्याच वर्षी दोन दांडे येऊ शकतात, छोटा स्वस्त कंद घेतलात तर वर्षभर नुसती पानं बघत बसाल.

फुटबॉल लिली तर सगळ्यांना माहितीये, मे महिन्यात वळवाची एखादी सर पडली की लाल गोळा वर येतो, आफ्रिकेतली आहे पण इथे अशी रुळलीये की कोणाला परकी वाटत नाही. तिला काहीच करायचं नाही. उकरायचं नाही, वेगळं करायचं नाही, दाटी झाली की जास्त फुलते. रेन लिली, ती छोटी गुलाबी, पांढरी, पिवळी, तिची एक गंमत करता येते. पानं जगतील एवढंच ठेवून फेब्रुवारीत तीन-चार आठवडे कुंड्यांचं पाणी तोडा आणि मग एक दिवस कुंडी बादलीत बुडवून काढा, चार-पाच दिवसांत पुष्कळदा कळ्या येतात. दर वेळी येतातच असं नाही, खऱ्या पावसाला ती जशी उठते तशी बादलीला उठत नाही.

आणि जानेवारी-फेब्रुवारीतच उंच, रंगीत काहीतरी हवं असेल, ट्युलिपच्या जागी फुलदाणीत ठेवण्यासारखं, तर ग्लॅडिओलस. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा, चार इंच खोल, कडक ऊन, ७५ ते ९० दिवसांत दांडा. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा लावलेत तर महिनाभर फुलं पुरतात. लावायच्या आधी ट्रायकोडर्माच्या (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) पाण्यात अर्धा तास बुडवून घ्या. ह्याचे गड्डे मात्र एप्रिलमध्ये उकरून, वाळवून, पावसाळाभर कुठेतरी कोरड्यात ठेवायला लागतात आणि गोव्याच्या पावसात कोरडं असं काही नसतंच, चपलांना बुरशी येते तिथे गड्ड्यांचं काय, म्हणून तेही भाजीच्या कप्प्यात, फळं नसलेल्या. निशिगंध लावाच, पण तो वसंतापुरता नाही, वर्षभर मधून मधून देत राहतो.

कोळकांदा, म्हणजे रानकांदा, हासुद्धा आपला खरा उन्हाळी कंद, सड्यावर पानं नसताना नुसता दांडा वर काढून फुलतो. पण दिसायला भुरकट आहे आणि विषारी, हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात त्यात, लहान मुलं असलेल्या घरात नकोच. कळलावीचंही तेच, फूल बघत राहावं असं, पण कंद जीवघेणा, कोल्चिसिन असतं. आणि अभयारण्यात किंवा सड्यावर फिरायला जाऊन रानातले कंद उकरून आणू नका. तिथून आणलेला बहुतेक वेळा घरी जगत नाही आणि तिथला वंश कमी होतो तो वेगळाच.

मातीबद्दल. आपली लाल माती कंदांना वाईट नाही, पाणी मुरतं त्यातून, पण ती आंबट असते आणि पावसाळ्यात वरचं पीठ वाहून जाऊन खाली घट्ट बसते. एक भाग लाल माती, एक भाग नदीची जाड रेव, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि कुंडीमागे चमचाभर चुन्याची निवळ नाही तर चुनखडीची पूड. रेव समुद्रावरची नको, मीठ असतं. खाली फुटक्या मंगलोरी कौलांचे तुकडे घाला, पोकळ बाजू खाली करून. ताजं शेण, ताजा कोंबडखताचा लगदा कंदाला टेकला की कुजलाच समजा, तुमच्या वाफ्यात कंद लवकर मऊ पडले त्यात शेणखताच्या ओलीचा हात असणार, पण ते तसेही फुलणार नव्हते. जमिनीत लावत असाल तर चिऱ्यांची एक ओळ लावून वाफा वीतभर उचलून घ्या, आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सपाट वाफ्यात जुलैमध्ये कंद पोहायला लागतात. कुंड्या असतील तर मिरगाच्या आधी वळचणीच्या आत, पावसाचे शिंतोडे चालतील, धार नको.

पावसाळ्यातला खरा शत्रू वेगळाच. लिलीवर एक अळी येते, काळी, अंगभर पांढरे ठिपके आणि मध्ये मध्ये तांबडे-पिवळे डाग, दिसायला देखणी. पानाच्या मागे घोळक्याने असतात आणि एका रात्रीत हिपिअस्ट्रम, नागदवणा, कळलावी सगळं बुडापर्यंत साफ करतात, मग पानांच्या खाचेतून कंदाच्या मानेतही घुसतात. पानं गेली म्हणजे पुढच्या वर्षीचे दांडे गेले, ते चार पानांचं गणित आठवा. जूनपासून दर दोन-तीन दिवसांनी पानांची मागची बाजू बघायची, पतंगाने घातलेल्या अंड्यांचा पुंजका दिसला की पानाचा तेवढा तुकडाच खुडून साबणाच्या पाण्यात. अळ्या छोट्या असताना लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाबरोबर, संध्याकाळी, पाऊस थांबलेला बघून. मोठ्या झाल्यावर फवारणीचा उपयोग नाही, चिमट्याने वेचा. पानांवर आणि दांड्यावर तांबडे लांबट चट्टे आले तर ती बुरशी, तेवढं पान कापून जाळा आणि वरून पाणी घालणं बंद करा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी पटलेला नाही. मोर असतील तर कोवळे कोंब टोचून टाकतात, मार्चमध्ये भुईचाफ्यावर जुनी मासळीची जाळी अंथरून ठेवा, फुलं त्यातूनही दिसतात. आणि डोंगराच्या कडेला घर असेल तर साळिंदर आणि रानडुक्कर, त्यापुढे चिऱ्यांचं कुंपणच.

भाच्याला सांगा की कंद बॅगेत घालून आणू नको. परदेशातून कंद, बिया, रोपं आणायला आपल्याकडे २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयातीचा परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला, लागतं, विमानतळावर अडवलं तर जप्त होतात, आणि नाही अडवलं तरी तिकडची बुरशी आणि सूत्रकृमी आपल्या कुळागरात यायचं कारण नाही. त्याला काहीतरी आणायचंच असेल तर हायसिंथची ती काचेची भांडी आणायला सांगा, इथे चांगली मिळत नाहीत.

सप्टेंबर संपत आलाय, म्हणजे वेळ बरोबर आहे. हायसिंथचे दोन-चार कंद आणि हवेच असतील तर ट्युलिपचे पाच-सहा, रीतसर आयात करणाऱ्या भारतीय विक्रेत्याकडे आत्ताच सांगून ठेवा, चांगल्या घेराचे आधी संपतात आणि नोव्हेंबरात जे उरतं ते घेऊ नका, थंडी द्यायला आठवडे कमी पडतात. ग्लॅडिओलसचा वाफा दिवाळीच्या आधी तयार ठेवा. लाल लिलीला ह्या महिन्याचं खत राहिलं असेल तर घाला, ऑक्टोबरनंतर नको. आणि भुईचाफा कोणाकडे आहे ते आत्ताच शोधा, पानं उभी आहेत तोवर ओळखता येतो, पाठीमागचा जांभळा रंग बघून खूण करून या, नाहीतर जानेवारीत मागायला जाल तेव्हा त्यांना स्वतःलाच आठवणार नाही कुठे होता.